लक्ष्मीबाईंची वाट

(दृश्य: गोदावरीचा काठ, सकाळची वेळ. पाणी भरणाऱ्या बायका.)

मराठीतल्या आत्मचरित्रांचा विषय निघाला की पहिल्या दोन-तीन नावांत ‘स्मृतिचित्रे’ येतंच. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. त्यातले उतारे कितीतरी पिढ्यांनी शाळेच्या पाठ्यपुस्तकात वाचले. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा विसरभोळेपणा, त्यांचा क्षणात चढणारा राग, हातात पैसा न टिकणं, आणि या सगळ्यातून संसार ओढणारी त्यांची बायको. वाचताना हसू येतं, कारण लिहिणारीच हसत हसत सांगते.

पण हे एका ख्रिस्ती लेखिकेचं पुस्तक आहे, ही गोष्ट त्या हसण्यात मागे पडते. धर्मांतर म्हटलं की ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं, आणि लक्ष्मीबाई म्हणजे त्यांच्या मागून गेलेली बायको, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. पुस्तक सलग वाचलं तर तो टिकत नाही. टिळक ज्या वाटेने गेले ती लक्ष्मीबाईंची वाट नव्हती. त्यांची वाट स्वयंपाकघरातून गेली.

(दृश्य: जुन्या वाड्याची ओसरी, चूल, तांब्या-पितळेची भांडी.)

लक्ष्मीबाई म्हणजे माहेरच्या मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरच्या घरातला. या घरावर एक सावली होती. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केलं, ते कायमचं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. मीठसुद्धा धुवायचं! मीठ धुतलं की त्यातलं किती उरणार, हे कुणाही बाईला कळतं. पण वडिलांपुढे बोलायची सोय नव्हती. घरातली बाईमाणसं दिवसभर पाण्यात हात घालून असायची, कुठे शिवाशिव होईल या धास्तीत.

या घराचं वर्णन करताना लक्ष्मीबाई वडिलांना दोष देत बसत नाहीत. त्यांनी आयांची आणि लेकींची दमणूक दाखवली, त्या माणसाचं दुःखही दाखवलं, आणि निवाडा वाचणाऱ्यावर सोडला. पुढे आयुष्यभर त्यांना जो प्रश्न सोडवायचा होता त्याची सुरुवात इथे आहे. विटाळ म्हणजे नेमकं काय, आणि तो कुणी ठरवला?

१८८० साली लग्न झालं. मुलगी अकरा-बारा वर्षांची. नवरा कवी, विद्वान, संस्कृतावर प्रभुत्व असलेला, पण एका ठिकाणी पाय न ठरणारा. आज या गावी, उद्या त्या गावी. नोकरी धरायची, सोडायची. बायकोला लिहा-वाचायला शिकवायचं टिळकांच्या मनात होतं, पण धीर नव्हता. शिकवणी सुरू व्हायची, मोडायची, पुन्हा सुरू व्हायची. शाळेची पायरी न चढलेली ही बाई अशी तुकड्या-तुकड्यांनी साक्षर झाली. तिच्या लेखनातलं शुद्धलेखन शेवटपर्यंत व्याकरणाच्या पुस्तकाला मानवणारं नव्हतं, आणि मराठी भाषेचं त्याने काडीचंही नुकसान झालं नाही.

(दृश्य: धावत्या आगगाडीच्या खिडकीतून दिसणारं माळरान.)

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एक युरोपियन प्रवासी भेटला. बोलणं झालं, कवितेवर आणि धर्मावर. उतरताना त्याने बायबलचा ‘नवा करार’ टिळकांच्या हाती ठेवला. वाचन सुरू झालं, पत्रव्यवहार झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रात हा प्रसंग नेहमी उजेडात असतो.

लक्ष्मीबाईंच्या बाजूने तोच दिवस पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. नवरा जिवंत आहे, पण समाजाच्या हिशेबाने गेल्यात जमा. पदरात लहानगा दत्तू. आधीची मुलं हातची गेलेली. कुंकू लावायचं की नाही, इथपासून लोक बोलणार. त्या काळातल्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता, हे आज शब्दांत मांडणंही अवघड आहे. लक्ष्मीबाई खचल्या, आजारी पडल्या, काही काळ पंढरपुरात नातलगांच्या आधाराने राहिल्या. टिळकांची पत्रं येत होती. त्यांतलं प्रेम खरं होतं, हे लक्ष्मीबाईंना ठाऊक होतं, आणि म्हणून तर दुःख दुप्पट होतं.

याच ताटातुटीच्या वर्षांत त्या कविता करू लागल्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नवरा कवी होता, घरात कवींची ऊठबस होती, तरी लक्ष्मीबाईंना स्वतःचे शब्द सापडले ते नवरा जवळ नसताना. ज्या दुःखाचं कुणापाशी बोलायचं नाही, ते त्यांनी ओळींत बांधलं.

(दृश्य: अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जुन्या भागातली गल्ली. नंतर राहुरीकडे जाणारा रस्ता.)

काही वर्षांनी त्या नगरला आल्या. नवऱ्याच्या गावात, पण धर्म ज्याचा त्याचा. इथे जो काळ सुरू होतो त्यावर थोडं थांबायला हवं. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई आपलं सोवळं सांभाळून राहिल्या, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करून. नवरा-बायकोत प्रेम आहे, वाद आहेत, मूल दोघांचं आहे, आणि तरी एकाच्या हातचं पाणी दुसऱ्याला चालत नाही. रोज सकाळी उठल्यापासून हा पेच समोर. पाणी कुणी भरलं, भांड्याला कुणाचा हात लागला, मुलगा कुणाकडे खाऊन आला. देवळातल्या किंवा चर्चमधल्या वादापेक्षा असला पेच माणसाला जास्त दमवतो, कारण त्याला सुट्टी नसते.

आणि मग एक दिवस, राहुरीच्या मुक्कामात, एकट्या असताना त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. या जाती देवाने केल्या की माणसाने? त्यांनी स्वतःशीच विचार केला. कुणी उपदेशक समोर नव्हता, हातात धर्मग्रंथ नव्हता. उत्तर आलं, माणसाने. आणि माणसाने केल्या असतील तर त्या पाळायचं बंधन कसलं? इथून पुढे कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि तसं त्या वागल्या.

लक्ष द्या, हा निर्णय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. आधी पाण्याचं सोवळं सुटलं, मग धर्म आला. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीने लहानपणचा प्रश्न सोडवला आणि त्या उत्तराच्या मागून ती ख्रिस्ताकडे गेली. १९०० साली राहुरीला लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तोवर पाच वर्षं झाली होती. नवऱ्यामागून जायचं असतं तर इतकी वर्षं लागली नसती. 

टिळकांबद्दल असं सांगतात की तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. त्यांचा पूल कवितेचा होता. लक्ष्मीबाईंचा कुठल्याच ग्रंथातून आलेला नव्हता.

(दृश्य: कोरडं नदीपात्र, ओसाड शिवार.)

आणि लगेच त्या उत्तराची परीक्षा झाली. १८९९-१९०० चा दुष्काळ. नगर जिल्हा होरपळला. आईबापांनी टाकलेली, अनाथ झालेली मुलं रस्त्यावर दिसू लागली आणि टिळक त्यांना घरी आणू लागले. कुठल्या जातीचं, कुठल्या गावचं, काही न विचारता. आणणं टिळकांचं, पण न्हाऊ घालणं, उवा काढणं, खरूज धुणं, भुकेल्या पोटाला बेताने भरवणं हे सगळं लक्ष्मीबाईंकडे आलं. ज्या हातांना लहानपणी शिवाशिवीची धास्ती शिकवली होती, तेच हात आता या कामाला लागले. पुढे नगरात त्या रुग्णसेवेचं काम शिकल्या आणि प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांच्या उशाशी राहिल्या.

दया, करुणा, सेवा असे शब्द अशा वेळी कुणाच्याही लेखणीतून सहज उतरतात. लक्ष्मीबाई ते जवळजवळ वापरत नाहीत. मूल कसं दिसत होतं, काय बोललं, कशाला रडलं, एवढंच सांगतात. भक्तीचं साहित्य लिहायला बसलेल्या कुणालाही माझं एवढंच सांगणं आहे, की ही पानं समोर ठेवावीत.

नगरच्या घरात आणखी एक पोर आलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी हा मुलगा हेरला. पुढे तो टिळकांच्या घरी राहिला. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्या घरात कुणी त्यांना व्हायला लावलं नाही. त्यांचे रुसवे-फुगवे, लाड, लक्ष्मीबाईंशी होणारी भांडणं आणि लगेच होणारी दिलजमाई, हे सगळं आपल्याला कळतं ते लक्ष्मीबाईंमुळे. १९१८ साली भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अठ्ठावीसच्या आत. मराठी निसर्गकवितेचा अभ्यास करणारे लोक बालकवींच्या ओळी चाळतात. तो मुलगा घरात कसा वावरायचा हे मात्र या बाईने जपून ठेवलं.

(दृश्य: जुना लाकडी डेस्क, कागद, टाक.)

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत गेले. त्याआधी दोन वर्षं त्यांनी पगारी मिशनकाम सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे तिथे एकत्र, अशी ती कल्पना होती. लक्ष्मीबाई मागे राहिल्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. पुढची काही वर्षं मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, यांच्या संसाराबरोबर कराचीतही काढली.

‘स्मृतिचित्रे’चा जन्म देवदत्तांच्या गरजेतून झाला. त्यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून आईला आठवणी लिहायला लावल्या. आठवणी आल्या त्या चरित्राच्या साच्यात बसेनात. टिळक त्यांत होतेच, पण सांगणारी बाई त्यांच्याइतकीच उभी होती. शेवटी ते तिचं पुस्तक झालं.

ते लिहिणं कसं आहे? वाक्य छोटं. एखादी बाई जेवणं आटोपल्यावर ओसरीवर बसून सांगते तसं. सजावट नाही. रडण्याच्या जागी त्या थांबत नाहीत, पुढच्या कामाला लागतात, आणि दोन पानांनी आपल्या लक्षात येतं की डोळे भरले होते. देवाबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलत नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. बाजारहाट सांगताना जो सूर, तोच प्रार्थनेबद्दल सांगताना. टिळकांशी भांडावं तसं त्या देवाशीही बोलू शकतात. श्रद्धेचं लेखन म्हणजे सूर उंच करायचा, ही आपली सवय. लक्ष्मीबाईंना तिची गरज पडली नाही, कारण त्यांचा देव त्यांना घरातच भेटला होता.

१९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या. चौथा भाग त्यांच्यानंतर त्याच वर्षी आला. पुढे पुस्तक इंग्रजीत गेलं, पडद्यावर आलं, आवृत्त्या निघत राहिल्या.

(दृश्य: ग्रंथालयातलं कपाट, पिवळी पडलेली पानं.)

पण त्यांचं एक मोठं काम फारसं कुणी उघडत नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्र ओवीत लिहायला घेतलं होतं. मराठीत ही परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चं, ओव्या अकरा हजारांच्या आसपास. टिळकांचे दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्यांची शिकवणी दर काही महिन्यांनी मोडायची, त्यांनी. नवऱ्याचं अपुरं काम पुरं करणारी पतिव्रता, असं म्हणून हे काम बाजूला ठेवणं सोपं आहे. आकडे काही वेगळं सांगतात. त्या ग्रंथाचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंचा आहे.

अभ्यासक त्याला टिळकांच्या नावाखाली एका ओळीत उरकतात. चर्चमध्ये टिळकांची गीतं आजही गायली जातात, आणि ती गायली जावीत. पण ज्या वाचकांनी ‘स्मृतिचित्रे’ची पारायणं केली, त्यांनी एकदा ‘ख्रिस्तायन’ही मिळवावं आणि जिथे टिळकांचा हात थांबतो तिथून पुढे वाचायला सुरुवात करावी.