शर्यत अळणी झाली, ती कशाने?

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारी फॉर्म्युला वनची शर्यत संपली, की आमच्या कळव्याच्या घरात हल्ली एक ठरलेले वाक्य ऐकू येते. माझा मुलगा टीव्ही बंद करतो आणि म्हणतो, "आई, हे सगळे फार सुरक्षित करून ठेवले आहे, म्हणून ते इतके अळणी झाले आहे." तो वीस वर्षांचा आहे आणि त्याच्या मित्रांचेही हेच मत आहे. चालक जिवावर उदार होऊन गाडी हाकत तो काळ खरा, आताचे चालक टायर जपत दीड तास मिरवणूक काढतात, असे ही मुले मनापासून मानतात. मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते आणि गेली पंचवीस वर्षे या शर्यती पाहते. मुलांच्या तक्रारीतला अर्धा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. शर्यत अनेकदा अळणी होते. परंतु ती सुरक्षित झाली म्हणून अळणी झाली, हा दुसरा अर्धा भाग मला मुळीच मान्य नाही आणि आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

मोनॅकोची २०२४ सालची शर्यत घ्या. त्या दिवशी पहिले दहा चालक ज्या क्रमाने निघाले, त्याच क्रमाने पोहोचले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते. याहून अळणी काय असणार? पण त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत सर्जिओ पेरेझच्या गाडीचा चुराडा करणारा मोठा अपघात झाला होता, हे लक्षात घ्या. अपघातामुळे शर्यत थांबली, त्या वेळात सर्वांनी नियमाने करावा लागणारा टायरबदल उरकून घेतला आणि उरलेल्या पंचाहत्तरहून अधिक फेऱ्या एकमेकांच्या मागे, टायर राखत पार पाडल्या. अपघात झाला म्हणून थरार आला नाही, उलट होता तोही गेला. रस्ता अरुंद, त्या वेळची गाडी दोन मीटर रुंद आणि पाच मीटरांहून लांब. पुढे जायला जागाच नाही. यात सुरक्षिततेचा दोष कोणता?

आता मुलांना ज्या जुन्या काळाचे आकर्षण वाटते, तिकडे वळू. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनातल्या मोंटज्विकच्या रस्त्यांवर स्पेनची शर्यत झाली. ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या गाड्यांचे मागचे उंच पंख धावता धावता मोडले, दोघेही कठड्यावर आदळले आणि रिंट जखमी झाला. शर्यत अतिशय धोकादायक होती. आणि ती जिंकली कोणी व किती अंतराने? जॅकी स्टुअर्टने, पूर्ण दोन फेऱ्यांच्या अंतराने. दुसरा आलेला चालक दोन फेऱ्या मागे होता! आजच्या काळात असे झाले, तर आमचे चिरंजीव अर्ध्यातूनच उठून जातील. धोका होता, पण चुरस नव्हती. सुरक्षितता आणि नीरसपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, श्रोतेहो, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चुरस कमी होण्याचे खरे कारण हवेत आहे. या गाड्या हवेच्या दाबाने जमिनीला चिकटून वळतात. पुढच्या गाडीने ढवळलेली हवा मागच्या गाडीला मिळाली, की मागच्या गाडीची पकड सुटते, टायर घसरून तापतात आणि चालक नाइलाजाने मागे राहतो. २०२१ पर्यंतच्या गाड्या पुढच्या गाडीपासून २० मीटरांवर आल्या, की त्यांचा सुमारे ३५ टक्के दाब नाहीसा होत असे. हे रचनेचे दुखणे आहे आणि २०२२ चे नियम त्यावरच उतारा म्हणून आले. गाड्या जड झाल्या, हेही खरे आहे. २००९ मध्ये किमान वजन ६०५ किलो होते, ते २०२२ मध्ये ७९८ किलोंवर गेले. त्या वाढीत सुरक्षिततेचा वाटा आहेच, पण बॅटऱ्यांचा आणि मोठ्या चाकांचा वाटाही मोठा आहे, आणि ज्या हॅलोवर सर्वांचा राग, त्या चालकाच्या डोक्याभोवतीच्या टायटॅनियमच्या कमानीचे वजन जेमतेम सात किलो आहे.

एका बाबतीत मात्र मी मुलांच्या बाजूची आहे. वळणाबाहेर पूर्वी वाळू किंवा खडी असे. चूक झाली की गाडी रुतायची. तिथे डांबराची ऐसपैस पटांगणे झाल्यापासून चालक चुकतो, बाहेर जातो आणि काही न गमावता परत येतो. २०२३ मध्ये ऑस्ट्रियाच्या शर्यतीत रस्त्याच्या कडेची रेषा ओलांडल्याच्या बाराशेहून अधिक संशयित घटना पंचांना तपासाव्या लागल्या. ती शर्यत राहिली नाही, ते उत्तरपत्रिका तपासणे झाले. पुढच्या वर्षी तिथे शेवटच्या दोन वळणांबाहेर खडीची पट्टी टाकली आणि प्रश्न बराचसा मिटला. चुकीची किंमत मोजावी लागली पाहिजे, हे मान्य. पण ती किंमत शर्यतीतली जागा असावी, प्राण असू नये.

ठाणेकरांना हे मी वेगळे सांगायला नको. आपल्याकडे दहीहंडीला आठ-नऊ थर लागतात. सर्वांत वरच्या लहानग्याच्या डोक्यावर आता हेल्मेट असते आणि कमरेला दोराचा पट्टा असतो, म्हणून चौकातला एक तरी माणूस घरी निघून गेल्याचे मी पाहिलेले नाही. थर हलू लागले की श्वास तसाच अडकतो. याउलट पाम बीच रस्त्यावर मध्यरात्री कोपरात हेल्मेट अडकवून मोटारसायकली पिटाळणाऱ्या मुलांना मी शर्यतपटू मानत नाही. खरा शर्यतपटू वेग घेण्याआधी पट्टा दोनदा ओढून पाहतो.

आणि हे पट्टे, हे कठडे कोणी मागितले? घाबरटांनी मागितले नाहीत. १९६६ मध्ये बेल्जियममधल्या स्पा येथे पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून गेली आणि तो पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत सुमारे पंचवीस मिनिटे आत अडकून पडला. त्याला सोडवायला धावलेल्या दोन चालकांना प्रेक्षकाकडून पाना मागून आणावा लागला. त्यानंतर स्टुअर्टने स्टिअरिंगजवळ एक पाना चिकटवून ठेवला आणि सुरक्षिततेसाठी आयुष्यभर भांडण मांडले. त्याने २७ शर्यती आणि तीन जगज्जेतेपदे जिंकली. त्याच्या धैर्याविषयी शंका कोण घेईल?

आता मला एका संध्याकाळची गोष्ट सांगायची आहे. ती मी घरात आणि वर्गात अनेकदा सांगितली आहे, तरीही सांगते.

२९ नोव्हेंबर २०२०, रविवार. तुळशीच्या लग्नाचे दिवस होते, पण करोनामुळे त्या वर्षी कोणाचे येणे-जाणे नव्हते. आईने गॅलरीत तुळशीपुढे दिवा लावला होता आणि बाबा पहिल्यांदाच माझ्याशेजारी शर्यत पाहायला बसले होते. बाबांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात अग्निशमन पथकात तीस वर्षे काढली. शर्यतीतले त्यांना काही कळत नव्हते. गाड्या बहारीनच्या मैदानावर रांगेत उभ्या होत्या आणि मी त्यांना हॅलो म्हणजे काय ते दाखवत होते. ते म्हणाले, "माणसाला बाहेर यायला अडचण होत असेल ह्याची." अग्निशमनवाल्याचाच प्रश्न होता तो.

पावणेआठच्या सुमारास शर्यत सुटली. तिसऱ्या वळणानंतर पडद्याच्या कडेला, गाड्यांच्या मागे, एकदम आगीचा लोळ उठला. रोमां ग्रोजांची गाडी दानिल क्वियातच्या गाडीला घासून ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली होती. गाडीचे दोन तुकडे झाले होते. मागचा तुकडा अलीकडे पडला आणि चालकासह पुढचा तुकडा कठडा फाडून आत अडकला. हे तपशील आम्हाला नंतर कळले. त्या क्षणी दिसली ती केवळ आग.

आणि बाबांनी मोजायला सुरुवात केली. "एक हजार एक. एक हजार दोन. एक हजार तीन." पथकात त्यांना असेच शिकवले होते, कारण हे शब्द उच्चारायला बरोबर एक सेकंद लागतो आणि घाबरलेला माणूस नुसते आकडे भराभर मोजतो. ते नोकरीत असताना सांगत असत, की आगीत सापडलेला माणूस तीसच्या आत बाहेर आला पाहिजे. कॅमेरा दुसरीकडे वळला होता. या शर्यतींच्या प्रक्षेपणाचा एक चांगला दंडक आहे: चालक सुखरूप आहे हे कळेपर्यंत अपघात पुन्हा दाखवत नाहीत. आपल्या वृत्तवाहिन्यांनी हा दंडक उचलावा, असे मला फार वाटते. एखाद्याच्या घरच्यांना काही कळण्याआधी तेच दृश्य दहा वेळा फिरवणे हा अमानुषपणा आहे. पण त्या संध्याकाळी त्या दंडकाचा अर्थ एवढाच होता, की पडद्यावर काहीच दाखवत नव्हते आणि बाबा मोजत होते. तीस झाले. चाळीस झाले. साठाच्या पुढे ते थांबले, चष्मा काढून हातात धरला आणि काहीच बोलले नाहीत. आई गॅलरीतून आत आली आणि दारातच उभी राहिली.

मला त्या वेळी हेल्मुट कोइनिग आठवला. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेन येथे त्याची गाडी अशीच लोखंडी कठड्यात घुसली होती आणि तो जागीच गेला. तसाच कठडा, तसेच घुसणे. मी बाबांना हे सांगितले नाही.

मग एकदम वैद्यकीय गाडीचे दृश्य आले आणि त्यात ग्रोजां बसलेला होता. तो जिवंत होता. पायात एकच बूट होता, कारण दुसरा अडकलेला पाय ओढताना गाडीतच राहिला होता. त्यानंतर आगीची दृश्ये दाखवली आणि बाबांनी चष्मा पुन्हा चढवला. ज्वाळांमधून एक आकृती उठली, कठड्यावर चढली, आणि डॉक्टर इयन रॉबर्ट्स यांनी ज्वाळांच्या अगदी कडेला जाऊन तिला अलीकडे ओढून घेतले. तो आगीत किती वेळ होता? २७ ते २८ सेकंद.

बाबांना राहवेना. त्यांनी एखाद्या चौकशी अधिकाऱ्यासारखे मला एकामागून एक विचारले. डोके कसे वाचले? ज्या कमानीची त्यांना अडचण वाटली होती, त्या हॅलोने लोखंडी पट्ट्या डोक्यापासून दूर लोटल्या. मान कशी वाचली? हेल्मेटला जखडून ठेवणारी हान्स नावाची खोगिरासारखी पट्टी २००३ पासून सक्तीची आहे. त्या धडकेचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट होता, तरी मान टिकली. अंग कसे वाचले? आग सोसणारे अनेक पदरी कपडे होते म्हणून. भाजले ते मुख्यतः हात. आणि डॉक्टर इतक्या लवकर कसे आले? १९७८ मध्ये इटलीतल्या मॉन्झाच्या शर्यतीतील अपघातानंतर चालक रॉनी पीटरसन दगावला, तेव्हा मेंदूचे शल्यचिकित्सक सिड वॉटकिन्स यांनी आग्रह धरला, की पहिल्या फेरीत वैद्यकीय गाडी सर्वांच्या मागोमाग धावलीच पाहिजे. बेचाळीस वर्षे ती गाडी प्रत्येक शर्यतीत धावत होती आणि त्या संध्याकाळी ती काही सेकंदांतच आगीपाशी पोहोचली. बाबांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "एकाही गोष्टीत कोणी चालढकल केलेली नाही." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकलेली नाही.

ग्रोजां स्वतः पूर्वी हॅलोच्या विरोधात होता. रुग्णालयातून, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या असताना, त्याने चित्रफितीवर सांगितले, की फॉर्म्युला वनमध्ये आलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि तिच्यावाचून आपण बोलायला उरलो नसतो. दुसऱ्या वर्षी तो अमेरिकेत पुन्हा शर्यतीत उतरला. मुलांनो, त्या दिवशी शर्यत सुरक्षित होती. ती अळणी होती का?

फाटलेल्या कठड्याच्या जागी काँक्रीटचे ठोकळे बसवायला सव्वा तासाहून अधिक वेळ गेला. तोवर आमचे जेवण पानातच निवले, पण टीव्हीसमोरून कोणी उठले नाही. रात्री नऊच्या सुमारास गाड्या पुन्हा रांगेत लागल्या, पुन्हा सुटल्या, आणि थोड्याच वेळात लान्स स्ट्रोलची गाडी त्याच क्वियातच्या गाडीला लागून पूर्ण उलटी झाली. स्ट्रोल पट्ट्यांना लोंबकळत होता. माझा हात नकळत बाबांच्या मनगटावर गेला. बाबांनी या वेळी मोजायला सुरुवात केली नाही. ते थोडे पुढे सरकून बसले, स्ट्रोल हॅलोखालून सरपटत बाहेर येईपर्यंत पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, "बरं, आता पहिला कोण आहे?"

नमस्कार.