खिडकीचं माप: बस्टर कीटनचं काम

मंडळी, मूकपटांच्या काळातला अमेरिकन विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटन, त्याच्याबद्दल बोलायचं तर सुरुवात भिंतीपासून करू. त्याचा सिनेमा 'स्टीमबोट बिल ज्युनियर', साल १९२८. वादळ सुटलंय. कीटन रस्त्यात उभा आहे आणि मागच्या घराचा अख्खा दर्शनी भाग त्याच्या अंगावर येतो. वरच्या मजल्याची खिडकी उघडी असते, नेमकी तेवढीच त्याच्यावरून जाते. तो जागचा हलत नाही. कॅमेरा लांब ठेवलेला, मध्ये कट नाही, बदली माणूस नाही.

धाडस होतंच. पण त्याआधी सुतारकाम होतं, आणि ते समजून घेतल्याशिवाय हा माणूस समजत नाही.

भिंत खाली बिजागरीवर बसवली की ती दारासारखी आडवी पडते. जमिनीपासून बारा फुटांवर असलेली खिडकीची खालची कड पडल्यावर पायथ्यापासून बारा फुटांवरच येणार. म्हणजे माणसाच्या टाचा त्या कडेच्या जरा पुढे हव्यात. इथवर सोपं आहे. फसगत होते ती डोक्यापाशी. भिंत डोक्याला पोचते तेव्हा ती अजून तिरकी असते. माणूस पायथ्यापासून बारा फुटांवर उभा आहे आणि उंची साडेपाच फूट, असं धरा. मग त्याच्या डोक्याशी येणारा भिंतीचा भाग पायथ्यापासून सव्वातेरा फुटांवरचा असतो. अंगाची जाडी सोडली तरी खिडकी सव्वा फूट उंच हवी. तोच माणूस सहा फुटांवर उभा केला, तर हे अंतर दोन फुटांच्या वर जातं. खिडकी जितकी वर, तितकी भिंत त्याच्याशी सरळ येते. खालच्या मजल्याची खिडकी ह्या कामाला का चालत नाही, ते ह्यात आलं.

कीटनने पुढे मुलाखतीत सांगितलंय की डोक्याला, टाचांना आणि खांद्यांना दोन-दोन इंच मोकळे ठेवले होते. टाचांच्या जागी जमिनीत मोठे खिळे ठोकले होते. भिंत मुद्दाम जड केली होती, कारण हलकी फळी पडताना पिळवटते आणि मग खिडकी खिडकीच्या जागी राहत नाही. भिंतीचं वजन सुमारे दोन टन होतं असं सांगतात. वादळासाठी मोठमोठे पंखे लावले होते, पण त्यांचा झोत पुढून-मागून दिसेल आणि पडत्या भिंतीला मात्र लागणार नाही, असा बेत होता. भिंतीचा एक कोपरा जरी वाऱ्याने उचलला असता, तरी ते दोन इंच संपले असते.

ही कल्पना त्याला एका दिवसात सुचलेली नाही. १९१९ साली विनोदी नट फॅटी आरबकलच्या 'बॅक स्टेज'मध्ये रंगमंचावरची हलकी, देखाव्याची भिंत अशीच पडते. १९२०च्या 'वन वीक'मध्ये घराची भिंत पडते. आठ-नऊ वर्षं एकच युक्ती हाताळत, दरवेळी वजन वाढवत तो इथवर आला.

जन्म ४ ऑक्टोबर १८९५चा, कॅन्ससमधल्या पिक्वा गावचा. आईवडील फिरत्या व्होडव्हिल खेळांत, म्हणजे गाणी, नकला, कसरती अशा मिश्र करमणुकीच्या खेळांत होते. चार-पाच वर्षांचा पोर त्यांच्या खेळात उतरला, आणि बाप त्याला रंगमंचावर अक्षरशः फेकायचा. पकडायला सोपं जावं म्हणून कपड्याच्या पाठीला सुटकेसची मूठ शिवलेली असे. इथे तो दोन गोष्टी शिकला. पडताना अंग सैल सोडायचं आणि भार एका हातावर किंवा पायावर तोडायचा. आणि आपण हसलो की प्रेक्षक हसत नाहीत. तो दगडी चेहरा तिथला आहे.

१९१७ साली न्यूयॉर्कमध्ये आरबकलने त्याला सिनेमात आणलं. पहिल्याच ओळखीत कीटनने कॅमेरा मागून घेतला, खोलीवर नेऊन सुटा केला आणि परत जोडला, असं तो सांगत असे. १९२१चा 'द प्लेहाउस' पाहिला की ते पटतं. एका फ्रेममध्ये नऊ कीटन आहेत. भिंगापुढे झडपांची पेटी, एक झडप उघडायची, चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, पुढची झडप उघडायची. नऊ वेळा. कॅमेरा हाताने फिरवायचा, साधारण सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चौकटी. कॅमेरामन एल्जिन लेस्लीचा हात एकदा जरी घाईत गेला, तरी आधीचं सगळं फुकट. लेस्लीचं नाव कीटनच्या बरोबरीने घ्यायला हवं.

मोजमाप चुकायचंही. 'द इलेक्ट्रिक हाउस'च्या वेळी सरकत्या जिन्यात पाय अडकून घोटा मोडला. 'अवर हॉस्पिटॅलिटी'त नदीच्या धारेत त्याला धरून ठेवणारी तार तुटली. 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये इंजिनात पाणी भरायच्या टाकीच्या नळाला तो लोंबकळतो. पाण्याचा लोंढा अंदाजापेक्षा जोरात आला आणि मान रुळावर आपटली. त्याने काम चालू ठेवलं. मणक्याला तडा गेला होता, हे कित्येक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत कळलं. 'थ्री एजेस'मध्ये गच्चीवरची उडी चुकली, तर त्याने चुकलेलीच उडी ठेवली आणि पडण्यापासून पुढचा प्रसंग रचला.

माझ्या मते 'द जनरल' हा आगगाडीवरचा सिनेमा त्याचं सर्वांत मोठं काम. ओरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हला १९२६च्या उन्हाळ्यात चित्रण झालं. खचून तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो, इंजिन हळूच निघतं, आणि दांड्याबरोबर तो वर-खाली होत शेडमध्ये जातो. किती हळुवार प्रसंग! पण वाफ जराशी जास्त सुटली असती, तर चाक रुळावर जागीच गरगरलं असतं आणि दांड्याने त्याला भिरकावून दिलं असतं. पुढे चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसून, हातातला लाकडी स्लीपर (रुळांखाली घालतात तो ओंडका) टाकून तो रुळावर पडलेला दुसरा उडवतो. आपट टोकालाच बसायला हवी, मधोमध बसली तर स्लीपर जागेवरच राहतो. २३ जुलैला खरं इंजिन जळत्या पुलावरून रो नदीत सोडलं. एकच संधी होती. खर्च ४२,००० डॉलर सांगतात. इंजिनाचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी काढेपर्यंत नदीतच होता. सिनेमा मात्र चालला नाही.

१९२८ साली तो एमजीएम ह्या हॉलिवूडच्या बड्या चित्रपट कंपनीकडे गेला. तिथे संवाद आधी लिहून यायचे, वेळापत्रक ठरलेलं असायचं. जागेवर जाऊन, लाकूड-लोखंड हाताळून विनोद शोधायची त्याची रीत तिथे बसेना. बोलपट पैसे कमवत होते, तरी त्यांतला कीटन बघवत नाही. दारू वाढली, संसार मोडला, १९३३ साली कंपनीने काढून टाकलं. मग तिथेच तो इतरांच्या सिनेमांसाठी विनोद रचून देऊ लागला. १९४० साली एलिनॉर नॉरिसशी लग्न झालं आणि तो सावरला, ते बऱ्याच अंशी तिच्यामुळे.

१ फेब्रुवारी १९६६ रोजी तो गेला. त्याआधी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी त्याने 'द रेलरॉडर' केला. वय ६९. रुळांवरच्या छोट्या गाडीतून उंच पूल ओलांडताना त्याला मोठ्या नकाशात गुरफटून जायचं होतं. दिग्दर्शक जेराल्ड पॉटरटनला ते धोक्याचं वाटलं, त्याने साधा पर्याय सुचवला. कीटन ऐकेना. ह्यात धोका कसला, हा तर पोरखेळ, असं त्याचं म्हणणं. शेवटी तो पुलावरून नकाशात गुरफटूनच गेला.