गोदावरी: माझगावात घडलेली फ्रिगेट

१० डिसेंबर १९८३. त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या नदीचं नाव घेऊन एक युद्धनौका मुंबईत नौदलात दाखल झाली. आयएनएस गोदावरी.

त्याआधी मुंबईतल्या माझगाव डॉक या गोदीनं ब्रिटिश आराखड्यावरून निलगिरी वर्गाच्या सहा फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, बांधल्या होत्या. गोदावरीचा आराखडा मात्र नौदलाच्या आपल्याच अभियंत्यांचा. लांबी ११३ मीटरवरून १२६ वर गेली, वजन वाढलं, तरी वाफेवरची इंजिनं तीच ठेवली. हे धाडसच होतं.

खरी कसोटी जोडणीची. पुढे सोव्हिएत तोफ आणि क्षेपणास्त्रं, आत इटालियन संगणक, मागे दोन सी किंग हेलिकॉप्टरं. पाती मिटून, शेपटी दुमडून ती हँगरमध्ये शिरत. सोव्हिएत यंत्रांना लागणारी वीज वेगळी, पाश्चात्त्य यंत्रांना वेगळी. ही वेगवेगळी घराणी एका जहाजावर नांदवायची कशी, हे सांगायला कुणीही नव्हतं. आपल्या माणसांनी ते करून दाखवलं. माझ्या मते गोदावरीचा सगळ्यात मोठा पराक्रम हाच.

पण तिचं नाव झालं ते नोव्हेंबर १९८८ मध्ये. मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी उठाव केला. भारतीय सैनिक विमानानं पोहोचले, तसे बंडखोर 'प्रोग्रेस लाइट' हे मालवाहू जहाज बळकावून, ओलिसांसह श्रीलंकेच्या दिशेनं निसटले. ऑस्ट्रेलियाचा दौरा आटोपून परतणारी गोदावरी तिकडे वळवली गेली; बेतवा ही दुसरी युद्धनौकाही पाठलागावर होती. बोलणी झाली, इशारे झाले, बंडखोर थांबेनात. अखेर ६ नोव्हेंबरला गोळीबार करावा लागला. जहाज थांबलं, बंडखोर शरण आले, नौसैनिक जहाजावर चढले. सगळे ओलीस मात्र वाचले नाहीत. या विजयाबद्दल बोलताना तेही सांगायलाच हवं.

१९९४ च्या अखेरीस सोमालियातून आपले शांतिसैनिक परत आणण्यासाठी गेलेल्या ताफ्यातही ती होती. पुढे एडनच्या आखातात चाच्यांविरुद्धची गस्तही तिनं घातली.

२३ डिसेंबर २०१५ रोजी, बत्तीस वर्षांनी, गोदावरी मुंबईतच निवृत्त झाली. तिच्या धाकट्या बहिणी गंगा आणि गोमती अजून सेवेत होत्या. गंगा २०१८ मध्ये उतरली, गोमती मे २०२२ मध्ये. तोवर गोदावरीच्याच आराखड्यावरून पुढे नेलेल्या ब्रह्मपुत्रा वर्गाच्या तीन फ्रिगेट कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधून नौदलात आल्या होत्या.