आयोवातल्या पूर्वजाचा माग

श्रोते हो, नमस्कार. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत आता तिथल्याच सुना-जावई आहेत. नातवंडं त्या दुसऱ्या घराण्याबद्दलही विचारतात. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेहून आयोवा राज्यातल्या विनेशीक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आलेला एखादा शेतकरी शोधायचा, तर सुरुवात त्याच्या मृत्यूपासून करायची आणि मागे मागे जायचं.

मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं असतील, पण ती सांगणारा मुलगा किंवा जावई असतो. आजी-आजोबांना त्याने पाहिलेलंही नसतं. म्हणून माहिती देणाऱ्याचं नाव आधी वाचा. आयोवात जन्ममृत्यूची नोंद १८८० मध्ये सुरू झाली, तरी सुरुवातीची बरीच वर्षं ती अर्धवटच होत असे.

मग जनगणना. १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, व्यक्तीचं नाव येतं, पण प्रमुखाशी नातं १८८० पासूनच. त्यामुळे १८७० च्या पानावर नवऱ्याखाली लिहिलेली बाई ही मुलांची आईच, असं धरून चालू नका. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना व वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला मुलं किती झाली आणि हयात किती, हे सगळं आहे. लग्नाला ८ वर्षं आणि थोरला मुलगा १५ वर्षांचा, तर बहुधा पहिली बायको वारलेली आहे. चर्चच्या दफनवहीत तिला शोधा. १८९० ची जनगणना मात्र जवळजवळ सगळीच गेली. १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत कागद खराब झाले. ही वीस वर्षांची पोकळी आयोवात राज्याच्या १८८५ आणि १८९५ च्या गणनांनी भरून निघते. राज्याची १९२५ ची गणना तर ठेवाच आहे: तिच्यात वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं आडनावही विचारलेलं आहे.

आता जमीन. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमिनीतले १६० एकर मिळत, पाच वर्षं राहून कसल्यावर. पण विनेशीकमधली बरीच जमीन त्याआधीच सव्वा डॉलर एकराने विकली गेली होती. रोख खरेदीच्या फाइलीत पावतीपलीकडे फारसं काही नसतं. होमस्टेड बहुतेकदा पुढे डकोटाला गेलेल्या मुलांच्या नावावर सापडतं, आणि ती फाइल मागवाच. घर किती फुटांचं, विहीर, नांगरलेले एकर, कुटुंबातली माणसं, दोन शेजाऱ्यांच्या साक्षी, परदेशात जन्म असेल तर नागरिकत्वाचे कागद, एवढं त्यात असतं. त्यासाठी अमेरिकी सरकारच्या भूमी व्यवस्थापन खात्याच्या मोफत संकेतस्थळावर नाव शोधून टाउनशिप, रेंज, सेक्शन उतरवून घ्या. आपल्या गट नंबरासारखीच ही जमिनीची ओळख. सोबत भूमी कार्यालय आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे अर्ज करा. मधेच दावा सोडला असेल, तर या संकेतस्थळावर त्याचं नाव दिसणार नाही. तेव्हा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या भूखंडांच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात.

शेवटची अडचण नावाची. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, कारकुनाने आडनाव बदललं, असं घरोघरी सांगतात. ते केंद्र उघडलं १८९२ मध्ये, आणि प्रवाशांची यादी जहाज निघण्यापूर्वीच तयार होत असे, म्हणून या गोष्टीवर विसंबू नका. नॉर्वेत अँडर्सचा मुलगा ओले तो ओले अँडरसन; अमेरिकेत आल्यावर त्याचीच मुलं कधी अँडरसन, कधी ओल्सन, कधी मूळ शेताचं नाव लावत. आयोवातल्या नॉर्वेजियन लूथरन चर्चच्या वहीत पाद्री पुष्कळदा नॉर्वेतलं मूळ गाव लिहून ठेवत. ते मिळालं की नॉर्वेच्या डिजिटल अभिलेखागारात त्या परगण्याची बाप्तिस्म्याची वही फुकट पाहता येते. तिथे जन्मतारीख, वडील आणि शेत, तिन्ही जुळवा. दोनच जुळली तर थांबा, आणि त्याच वयाचा शेजारच्या शेतावरचा दुसरा ओले अँडरसन लहानपणी वारला, की तोही अमेरिकेला गेला, हे आधी तपासा.