हर्णैचा दोर, फ्रेंडशिपचा बर्फ

(एका गिर्यारोहण मोहिमेच्या चित्रफितीचं निवेदन. हर्णै बंदर, संध्याकाळ)

लिलाव सुरू झालाय. मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. या गर्दीत चेहरे नका बघू, हात बघा. दोर ओला, होडी हलतेय, तरी गाठ एका झटक्यात बसते.

आमच्या नऊ जणांतले चौघे याच बंदरातले. बाकी दापोली-खेडकडचे: दोन शिक्षिका, एक आंबा बागायतदार, कॉलेजची दोन मुलं. जायचं होतं मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर. उंची ५,२८९ मीटर. मासळीवर टाकायचा बर्फ सोडला, तर यांतल्या कुणीच बर्फ पाहिला नव्हता.

(मुरुडचा किनारा, ओहोटी)

डिसेंबरपासून बहुतेक रविवारी हेच. एका दोरात तिघं. मधला दोर वाळूवर लोळता कामा नये, आणि पुढच्याला मागे ओढताही कामा नये. बर्फाखालच्या भेगेत एखादा गेला, तर ढिल्या दोराचा हिसका बाकीच्या दोघांनाही खाली खेचतो. ते अंतर डोक्याने नाही, पावलांनी सांभाळायचं असतं. ओल्या वाळूत पाय रुततो, चाल मंदावते. बर्फातही तेच.

आता ही गाठ. खुंट्याला दोर अडकवायची, क्लोव्ह हिच. होडीवर ती रोज लागते. दोन दोर जोडायच्या गाठीचं तर नावच फिशरमन्स नॉट, कोळ्याची गाठ. शिक्षिकांना ती तांडेलमामांनी शिकवली, डोळे मिटून बांधायला लावली. पुढे ती काळोखात, हातमोजे घालून बांधायची होती.

बरेच गट दोराला पहिल्यांदा हात लावतात ते थेट मनालीत. मला ते पटत नाही. ज्या किनाऱ्यावर घरोघरी दोर आहे, तिथल्या मुलांनी तर नाहीच.

(खेड तालुका, पहाट)

रसाळगड, सुमारगड, महिपतगड. पाठीवर बारा किलो. झोलाईच्या देवळात मुक्काम, पहाटे पुन्हा चाल. सुमारगडाच्या कड्यापाशी पहिल्यांदा सगळ्यांचे हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचे कमरेचे पट्टे, कामाला आले. जांभ्याच्या पायवाटेवर वाढलेल्या पायांना इथला कातळ नवा होता. तीन रविवार गेले, मग पाय बसले.

(शाकारलेल्या होड्या)

१ जूनला मासेमारी बंद होते. चौघांना सवड तेव्हाच, म्हणून मोहीम जूनमध्ये.

(सोलंग, बकरथाच)

सह्याद्री चढाई शिकवतो, विरळ हवा शिकवत नाही. शिखरावर हवेचा दाब किनाऱ्याच्या जवळपास निम्मा. त्याला उपाय एकच, थांबत थांबत जाणं. दिवसा उंच चढायचं, झोपायला खाली यायचं. त्या दिवसांत बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दाते, बांधून चालायचं, आइस अ‍ॅक्स रोवून घसरण थांबवायची. पाहा, दोघांमधला दोर. लोळत नाहीये.

(लेडी लेग कॅम्प, मध्यरात्र)

निघायचं रात्रीच. उन्हं चढली की बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. पुढे स्थानिक गाईड, मागे डोक्यावरच्या दिव्यांची रांग.

(सूर्योदय, समोर हनुमान टिब्बा शिखर. इथे निवेदन नाही, फक्त वारा.)

सहा जण माथ्यावर पोहोचले. दोघे डोकेदुखी आणि उलट्यांमुळे लेडी लेगवरूनच खाली गेले होते. एकाच्या बोटांना हिमदंशाची सुरुवात झाली, तो शेवटच्या चढाखालून गाईडबरोबर फिरला. तिघेही आता बरे आहेत.

(हर्णै, पडवी)

दोर विहिरीच्या पाण्यात धुऊन पडवीत वाळत घातलाय. तांडेलमामा तो हातभर हातभर सरकवत तपासतायत, कुठे घासलाय का. शेजारी पाचवीतली नात बसलीय. तिच्या हातात सुतळी आहे, कोळ्याची गाठ अर्धी झालीय.