खांद्याची रेघ

(सांगलीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, मी याच गावात, शाळेच्या मैदानावर खो-खो खेळत मोठी झाले. आमच्या बाई पाटीच्या कडेला उभ्या राहून एकच गोष्ट ओरडायच्या : "खांदा! खांदा बघ!" खो मिळाला, उठलात आणि खांद्याची रेघ एकदा एका बाजूला वळली, की मग उलट फिरायचं नाही. फिरलात तर दिशा मोडली, फाऊल. पळणाऱ्या पोरीही आमच्या तोंडाकडे बघत नसत, खांद्याकडे बघत. चाळीस वर्षांनी, न्यू जर्सीत, हे सगळं मला एका कुत्रीनं पुन्हा शिकवलं. तिचं नाव चिंगी. आज मी तिच्याविषयी आणि आम्ही दोघी शनिवार-रविवारी जो खेळ खेळतो, त्याविषयी बोलणार आहे.

या खेळाला अ‍ॅजिलिटी म्हणतात. साधारण शंभर फूट लांब-रुंद मैदानात पंधरा-वीस अडथळे मांडलेले असतात. उड्यांच्या दांड्या, टांगलेली टायर, कापडी बोगदा, तंबूसारखी दोन्हीकडून उतरती फळ्यांची चढण, जमिनीपासून चार फुटांवरचा फूटभर रुंदीचा पूल, सीसॉ, आणि एका ओळीत रोवलेले खांब, ज्यांतून कुत्र्यानं नागमोडी जायचं. प्रत्येक अडथळ्यापाशी क्रमांक लिहिलेला असतो. तो माणसासाठी. कुत्र्याला क्रमांक वाचता येत नाहीत, म्हणून पुढचा अडथळा कुठला हे माणसानं पळता पळता सांगायचं. कुत्रा मोकळा, साखळी-पट्ट्याविना. त्याला हात लावायचा नाही, अडथळ्यालाही नाही. हातात खाऊ नाही, चेंडू नाही. तुमच्याकडे फक्त तुमचं शरीर आणि तुमचा आवाज.

खेळ फार जुना नाही. 1978 साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात क्रफ्ट्स हे कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांना दाखवायला काहीतरी हवं होतं. समितीतले जॉन वार्ली यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकांना हाताशी धरलं, आणि घोड्यांच्या उड्यांची स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून हा प्रयोग उभा राहिला. 1980 मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबनं त्याला रीतसर मान्यता दिली. अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धा 1994 ला सुरू झाल्या, पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं साल 2010. त्या वर्षापासून तिथे जातिवंत नसलेल्या, मिश्र रक्ताच्या कुत्र्यांनाही उतरता यायला लागलं. चिंगी तशीच आहे. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या निवाऱ्यांतून गाड्या भरून कुत्री उत्तरेला आणतात, तशा एका गाडीतून ती आली. खांद्याशी सतरा इंच उंच, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. तिच्या आईबापांचा काही पत्ता नाही. उंची सतरा इंच म्हणून तिला सोळा इंचांच्या दांड्या. तुमचा कुत्रा कुठल्या कुळातला हे तिथे कोणी विचारत नाही, फक्त मोजपट्टी लावतात, याचा मला आजही आनंद वाटतो.

आता स्पर्धेची सकाळ सांगते. पाच वाजता घर सोडायचं. स्पर्धा बहुतेक वेळा घोड्यांच्या छपराखालच्या रिंगणात, नाहीतर कृत्रिम गवताच्या बंदिस्त फुटबॉल मैदानात. आपला पिंजरा, त्यावर चादर, घडीची खुर्ची, पाण्याचा कॅन. भिंतीवर धावण्याचा क्रम आणि मैदानाचा नकाशा लावलेला असतो. तो नकाशा त्या दिवसापूर्वी कोणी पाहिलेला नसतो, परीक्षकांनी तो त्या स्पर्धेसाठी आखलेला असतो. मग आठेक मिनिटं माणसांना कुत्र्याविना मैदानात सोडतात. हे दृश्य तुम्ही बघायला हवं. तीस-चाळीस माणसं, त्यात सत्तरी ओलांडलेल्या आज्याही, हात लांब करून, अंग वळवून, कोणालाही न दिसणाऱ्या कुत्र्याला वाट दाखवत चालत असतात. गणपतीच्या आधी हातात लेझीम नसताना लेझमीचे हात करतात ना, तसं. मी या आठ मिनिटांत पावलं मोजते. कुठे मी तिच्या डावीकडे असेन, कुठे उजवीकडे, कुठे तिच्या पुढून बाजू बदलायची आणि कुठे तिला पुढे जाऊ देऊन मागून. तिथली माणसं याला फ्रंट क्रॉस आणि रिअर क्रॉस म्हणतात.

काम सगळ्यांनी करायचं असतं. पडलेली दांडी उचलून ठेवणं, पट्टा सुरुवातीपासून शेवटाकडे नेणं, घड्याळ सांभाळणं. मला लेखनिकाचं काम आवडतं. त्यात कुत्र्याकडे बघायचंच नाही, परीक्षकांच्या हाताकडे बघायचं. त्यांनी खूण केली की कागदावर नोंद. कधी शेजारून एखादा अप्रतिम कुत्रा निघून जातो आणि तुम्हाला फक्त त्याच्या पावलांचा आवाज कळतो.

आमची पहिली धाव. शिकवणीच्या मैदानात चिंगी दहापैकी नऊ वेळा बिनचूक पळायची, म्हणून मी निश्चिंत होते. नवशिक्यांच्या वर्गात 100 पैकी 85 गुण मिळाले तरी उत्तीर्ण, अशी तीन उत्तीर्ण पत्रकं जमली की पहिला किताब. मी मनातल्या मनात तो घेऊनही टाकला होता. तिनं दोन उड्या घेतल्या, बोगद्यात गेली, बाहेर आली आणि गवत हुंगायला लागली. मी हाक मारली. तिनं मान वर केली नाही. मी मोठ्यानं हाक मारली. ती दांड्या लावणाऱ्या मुलापाशी जाऊन त्याचे बूट हुंगत बसली. वेळ संपला. मी तिला पट्टा लावून बाहेर आणलं आणि गाडीत बसवून ओरडले. "एवढं शिकवलं, आणि माझं ऐकतसुद्धा नाहीस!" ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. हे आठवलं की अजून मला वाईट वाटतं.

नवऱ्यानं त्या धावेचं चित्रण केलं होतं. दोन दिवस मी ते उघडलं नाही. उघडलं तेव्हा दिसलं ते असं. सुरुवातीच्या रेषेवर मी तिच्या अंगावर ओणवी झालेय, पट्टा काढताना माझे हात थरथरताहेत. चिंगी जांभई देतेय. ओठ चाटतेय. मान वळवून दुसरीकडे बघतेय. ती काही झोपाळलेली नव्हती आणि तिला भूकही लागली नव्हती. कुत्र्याच्या अंगावर ताण आला की तो याच गोष्टी करतो, आणि गवत हुंगणं हाही त्यातलाच प्रकार. धाव सुरू व्हायच्या आधी तिनं मला तीन वेळा सांगितलं होतं की मला हे झेपत नाहीये. मी कशाकडे बघत होते? क्रमांकांकडे. मग पुढचं चित्रण. बोगद्यातून ती बाहेर येते, मला शोधते, आणि माझा चेहरा तिच्याकडे, हात चौथ्या क्रमांकाच्या उडीकडे, पण खांदे आणि पाय सरळ पुलाकडे वळलेले. तिनं काय करायचं? तिला दोन माणसं दोन दिशा सांगत होती, आणि ती दोन्ही माणसं मीच होते.

मला त्या क्षणी बाईंचा आवाज ऐकू आला. खांदा बघ.

कुत्रा शब्दापेक्षा अंग आधी वाचतो. तुमची बोटं, पंजा, खांदे, वेग कमी-जास्त होणं, हे सगळं त्याच्यासाठी वाक्य असतं. आणि ते वाक्य वेळेवर यावं लागतं. चिंगी सेकंदाला साधारण पाच मीटर पळते. मी अर्धा सेकंद उशीर केला, तर ती अडीच मीटर पुढे गेलेली असते. उडी घेण्याआधीच तिनं पाऊल कसं टाकायचं, उतरून कुठे वळायचं हे ठरवलेलं असतं. ती हवेत असताना दिलेली सूचना तिच्या उपयोगाची नसते. मग ती रुंद वळते, दांडी पडते, आणि आपण म्हणतो कुत्र्यानं दांडी पाडली. खो उशिरा दिला की उठणाऱ्या मुलीचा काही दोष नसतो, तसंच आहे हे.

मी तिला मराठीत सूचना देते. सुरुवातीला बोगद्याला "बोगदा" म्हणायचे. तीन अक्षरं संपेपर्यंत ती तोंडापुढून निघून गेलेली असायची. म्हणून आता नुसतं "आत". तंबूच्या चढणीला "चढ", पुलाला "पूल", नागमोडी खांबांना "साखळी". हा शब्द मी मुद्दाम ठेवला. बसलेल्या गड्यांच्या मधून खो-खोचा पळणारा जशी साखळी विणतो, हुबेहूब तेच चिंगी करते. पहिला खांब तिच्या डाव्या खांद्याशी यायला हवा, मग एकही फट न चुकता शेवटपर्यंत. नवशिक्यांना सहा खांब, पुढच्या वर्गांत बारापर्यंत, दोन खांबांत दोन फूट अंतर. सगळ्या अडथळ्यांत हा शिकवायला सर्वांत वेळखाऊ. कुठलाही कुत्रा हे आपणहून करत नाही. आम्हाला पाच महिने लागले.

सीसॉनं मात्र आम्हाला जवळजवळ वर्षभर अडवलं. बारा फुटांची फळी, कुत्रा मधला बिंदू ओलांडतो, पायाखालची जमीन खाली जाते आणि फळी धप्पकन आपटते. चिंगी त्या आवाजाला घाबरायची. शेजारच्या कुत्र्याची फळी आपटली तरी ती माझ्या पायामागे यायची. तिला ओढून फळीवर चढवणारी माणसं मी पाहिली आहेत, मी ते कधीही करणार नाही. आम्ही फळीच्या टोकाखाली दोन जाड उशा ठेवल्या आणि फळी बोटभरच खाली येईल असं केलं. तिनं स्वतः पंजा ठेवून ती खाली दाबली की उकडलेल्या चिकनचा तुकडा. आवाज तिनं स्वतः काढायचा, तिला हवा तेव्हा. आठवड्याआठवड्यानं उशी पातळ होत गेली. एक दिवस उशीच राहिली नाही आणि ती फळी आपटून माझ्याकडे बघत शेपूट हलवत उभी राहिली. त्या अडथळ्याचं आमच्या घरातलं नाव "धप्प".

त्या वर्षात आम्ही स्पर्धांना जायचो, पण नाव न घालता. लांब बाकावर बसून ती बघायची. ती गवत हुंगायला लागली की मी उठून दहा पावलं मागे जायचे. काही संघटनांच्या स्पर्धांत गुणांवर पाणी सोडून, खेळणं हातात घेऊन मैदानात सराव करू देतात. तसं सहा-सात वेळा केलं. दीड वर्षानंतर पुन्हा नवशिक्यांच्या वर्गात उतरलो. सुरुवातीच्या रेषेवर मी तिच्या शेजारी उभी राहिले, ओणवी झाले नाही, आणि तिनं माझ्याकडे बघेपर्यंत थांबले. तिनं बघितलं. चौदा अडथळे, एकदा उलट्या बाजूनं येऊन थबकली म्हणून पाच गुण गेले. 95. उत्तीर्ण झालेल्यांना हिरवी फीत मिळते. ती फीत आमच्या देवघराच्या बाजूच्या खिळ्याला आहे.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिकडेही ती सगळ्यांना पटत नाही. मागच्या ऑक्टोबरात रविवारची दुसरी धाव होती. तिसऱ्या किताबासाठी एकच पत्रक हवं होतं. चिंगी साखळीत दहाव्या खांबाशी बाहेर पडली. असं ती कधी करत नाही. मला वाटलं मी पुढे धावले म्हणून झालं असेल. पुढच्या उडीला तिनं पाऊल अर्धं टाकलं. मी थांबले, परीक्षकांना हात केला, पट्टा लावला आणि बाहेर आले. बाजूच्या एका बाई म्हणाल्या, अगं, पाचच तर अडथळे उरले होते. मागच्या पायाचं नख मुळाशी चिरलं होतं. रक्त आलं नव्हतं, लंगडत नव्हती. तिच्याकडे सांगायला दुसरी भाषा नव्हती, तिनं खांब सोडला. कुत्री दुखणं लपवतात, आणि आवडत्या खेळात तर फारच लपवतात. म्हणून पूल आणि चढणीच्या टोकाचा साडेतीन फुटांचा भाग पिवळा रंगवलेला असतो, त्यावर पाय टेकलाच पाहिजे. वरून उडी टाकून कुत्र्यानं सांधे मोडून घेऊ नयेत म्हणून. पूर्वी बोगद्याचा आणखी एक प्रकार होता, त्याची कापडी नळी उघडी न राहता जमिनीवर पडलेली असायची आणि त्यात कुत्री गुरफटून जखमी व्हायची. अमेरिकेत तो 2016 च्या सुमारास काढूनच टाकला. नियम असे बदलतात ते मला या खेळातलं सर्वांत चांगलं वाटतं.

तुमच्यापैकी काहींनी चहाच्या वेळी विचारलं की इथे काय करता येईल. पुष्कळ. केराच्या झाडूचा दांडा दोन विटांवर ठेवा, घोट्यापेक्षा उंच नको. जमिनीवर टेकवलेल्या रुंद फळीवरून चालवा. सव्वा वर्षाच्या आतल्या पिल्लाला उंच उड्या देऊ नका, हाडं पक्की झालेली नसतात. स्पर्धेतही पंधरा महिन्यांच्या आतला कुत्रा घेत नाहीत. डांबरावर नको, फरशीवर नको, मातीवर किंवा गवतावर. आणि सकाळी लवकर, इथल्या उन्हात नऊनंतर नाही. कोणत्या जातीचं हवं असं विचाराल तर गल्लीतलं, तुमच्यावर जीव लावणारं.

माझ्या भाचीनं तिच्या घरी मोती पाळलाय, बाजारपेठेतून उचललेला. उद्या सकाळी साडेसहाला शाळेच्या मागच्या मैदानावर त्याला पहिल्यांदा दांड्यावरून न्यायचंय. चार विटा आणि दोन दांडे मी आणते. ज्यांना यायचं त्यांनी या, मात्र येताना त्याच्याशी बोलू नका, थोडं लांब उभे राहा. तो नवीन माणसांना बिचकतो.