पंचवीस गोल आणि नंतरची अकरा वर्षं

[दृश्य: पिवळ्या-काळ्या झेंड्यांनी भरलेलं स्टेडियम]

डोक्यावर खाणकामगाराचं हेल्मेट. पत्रा कापावा तसं कडेने कापलेलं, शिंगासारखं वर वळवलेलं आणि पिवळ्या-काळ्या रंगात रंगवलेलं. दक्षिण आफ्रिकेत याला मकरापा म्हणतात. कायझर चीफ्स या फुटबॉल क्लबचा सामना असला की असे मकरापा डुलत असतात आणि वुवुझेलांच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांब भोंग्यांच्या गलक्यात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

2004-05 च्या हंगामात हा गलका होता एका झांबियन पोरासाठी. कॉलिन्स एम्बेसुमा. चाहत्यांचा 'न्टोफोन्टोफो'. लीगमध्ये 25 गोल, सगळ्या स्पर्धा धरून 35. लीगही चीफ्सनीच जिंकली.

[दृश्य: तांब्याची खाण, मातीचं मैदान]

खाणकामगाराचं हेल्मेट त्याने लहानपणापासून पाहिलेलं. जन्म 1984 चा, लुआन्श्याचा. झांबियाच्या तांब्याच्या पट्ट्यातलं हे शहर खाणीवरच जगायचं. इथल्या फुटबॉल क्लबांनाही पैसा पुरवायची खाणच. 1997 मध्ये ती एका भारतीय उद्योगसमूहाने विकत घेतली आणि तीनेक वर्षांत ती दिवाळखोरीत गेली. हा धागा आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो.

एम्बेसुमाचा खेळ नजाकतीचा नव्हताच. अंगाने भरलेला गडी. बचावपटूला पाठीवर घ्यायचा, चेंडू पायाशी दाबून धरायचा, गर्रकन वळायचं आणि मारायचं. मागचा बिचारा ढकलत राहायचा.

2005 मध्ये पोर्ट्समथने त्याला इंग्लंडला नेलं, थेट प्रीमियर लीगमध्ये. तिथे त्याला लीगमध्ये एकही गोल करता आला नाही. मग लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, पोर्तुगालचं मारिटिमो, पुढे तुर्कस्तानचं बुर्सास्पोर, आणि फिरून दक्षिण आफ्रिका. सनडाऊन्स, स्वॅलोज, गोल्डन ॲरोज. एवढंच काय, चीफ्सचे हाडवैरी ऑर्लँडो पायरेट्ससुद्धा!

अशा खेळाडूची गोष्ट आपण साधारण इथेच गुंडाळतो. एक हंगाम चमकला, मग विझला.

[दृश्य: निम्मं रिकामं स्टेडियम, संध्याकाळ]

2015-16. क्लब म्पुमालांगा ब्लॅक एसेस. इथे ना चीफ्सची गर्दी, ना त्यांचा दबदबा. एम्बेसुमा आता बत्तीस वर्षांचा. आणि हंगाम संपला तेव्हा लीगमध्ये सर्वाधिक गोल कोणाचे? त्याचेच. 14.

पहिल्यांदा हा मान मिळाला त्याला अकरा वर्षं उलटली होती. लोक अजूनही पंचविसाचंच नाव काढतात. मला विचाराल तर हे चौदा जास्त अवघड. एकविशीत नुसती धाव पुरायची. आता चेंडू कुठे पडणार, तिथे आधीच जाऊन उभं राहावं लागत होतं.

लीगच्या एका हंगामातला पंचविसाचा तो विक्रम मात्र टिकला. 2021-22 मध्ये नामिबियाचा पीटर शालुलिले सनडाऊन्सकडून खेळताना अगदी जवळ आला. तेवीसवर थांबला.